१९६६ची मस्टँग : आधी इंजिन की आधी ब्रेक?

प्रेषक : नोव्हायकर

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीचे मेल चालू असताना मध्येच गाडीचा विषय काढतोय. पण या लिस्टवर कितीतरी जणांचं आयुष्य डेट्रॉईटच्या गाड्यांच्या कंपन्यांत गेलंय, तेव्हा दुसरीकडे कुठे विचारणार?

१९६६ची मस्टँग कूपे घेतली आहे. २८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पत्रा छान आहे, इंजिन मात्र थकलंय. चढावर निळा धूर सोडतं. ओळखीतून ८०च्या दशकातल्या मस्टँगचं ५ लिटरचं एचओ (हाय आउटपुट, म्हणजे जास्त ताकदीचं) इंजिन मिळतंय. त्यात जरा तिखट कॅम (व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडणारा दांडा) टाकून या हिवाळ्यात ते बसवावं आणि ब्रेक पुढच्या हिवाळ्यात करावेत, असं डोक्यात आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यायची फार इच्छा आहे. क्रम बरोबर आहे का?

प्रेषक : ट्रॉयचा काका

अरे नोव्हायकर, गाडी घेतलीस, मनापासून अभिनंदन. पण क्रम उलटा कर. आधी ब्रेक. मी नोकरीभर ब्रेकचंच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या गाडीतली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे मास्टर सिलिंडर, पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलणारा. १९६६पर्यंत मस्टँगला एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर यायचा. चारही चाकं एकाच तेलावर. मागच्या एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक नळी फुटली, की पेडल तळाला गेलं आणि चारही ब्रेक गेले. मग उरतो फक्त हँडब्रेक. १९६७च्या मॉडेलपासून फोर्डने दोन कप्प्यांचा सिलिंडर दिला, पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी. बाकी काही करायला जमलं नाही तरी हे एक काम बर्फ वितळायच्या आत झालंच पाहिजे. मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी नाही, त्यामुळे तुझे ब्रेक तुझ्याशिवाय कोणीही बघणार नाही.

आता ड्रमचं. व्ही-८ला पुढे १० इंची ड्रम आहेत. पहिला ब्रेक उत्तम लागतो, म्हणूनच माणूस फसतो. ड्रम तापला की फुगतो, आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या जोरदार ब्रेकला पेडल दाबूनही गाडी ओढतच राहते. त्यात तू ताकद वाढवणार. ६० मैलांवरून गाडी थांबवायला ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते, तिच्या दुप्पट ८५ मैलांवरून लागते. वेग दीडपटही होत नाही, उष्णता मात्र दुप्पट.

म्हणून पुढे डिस्क लाव. त्या काळी फोर्डच चार पिस्टनचे केल्सी-हेजचे डिस्क जादा पैशांत देत असे, म्हणजे गाडीच्या स्वभावाविरुद्ध काही होत नाही. किट घेताना आधी चाक बघ. बरीच किट १४ इंची मूळ चाकात मावत नाहीत, १५ इंची लागतात. मागे ड्रम राहू देत, चांगल्या अवस्थेत असले तर पुरतात. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी जाम होतात. मग शेपूट फिरतं. त्यासाठी मागच्या लाइनीत प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) बसव आणि रिकाम्या पार्किंगमध्ये थोडं थोडं फिरवून असा लाव, की पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी जाम होतील.

एक बारकी गोष्ट, जिच्यावरून लोक महिनोन्‌महिने डोकं धरून बसतात. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी छोटा रेसिड्युअल (उरलेला दाब धरणारा) व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही लाइनीत साधारण १० पीएसआय दाब तो धरून ठेवतो, कारण ड्रमला तो हवा असतो. तोच सिलिंडर डिस्कला जोडलास तर पॅड कायम डिस्कला घासत राहतील. गाडी चालते, पण पुढची चाकं भाजतात आणि तासाभरात करपट वास येतो. डिस्क-ड्रमसाठीचाच सिलिंडर माग.

रबरी होज तिन्ही बदल, बाहेरून कितीही नवे दिसोत. आतून फुगलेला होज तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि गाडी एका बाजूला खेचते. लोखंडी नळ्या जिथे क्लिपमध्ये बसतात तिथे टॉर्च मारून बघ. आपल्याकडे बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने त्या तिथेच आतबाहेर खाल्लेल्या असतात.

प्रेषक : कँटनची ताई

काकांशी पूर्ण सहमत. इंजिनाबद्दल मी भर घालते, कारण हे इंजिन बाहेरून हुबेहूब जुन्यासारखं दिसतं आणि तिथेच घोळ होतो.

इंजिन थरथरू नये म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांच्या भागांवर जादा वजन असतं, तो बाहेरचा तोल. तुमच्या २८९चा तो २८ औंसांचा, या ५ लिटरचा ५० औंसांचा. म्हणजे जुना बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाचा) आणि सी-४ची जुनी फ्लेक्सप्लेट (मागच्या टोकाची) नव्या क्रँकला बोल्टने आरामात बसतील, पण गाडी अशी थरथरेल की बेअरिंगची वाट लागेल. दोन्ही ५० औंसांचे घ्या. एचओचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रमही वेगळा आहे : १-३-७-२-६-५-४-८. जुन्या सवयीने १-५-४-२-६-३-७-८ वायरी लावल्या तर कार्ब्युरेटरमधून भडका उडतो.

ऑईल पॅन तुमच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर) आदळेल, पुढे खोलगट असलेला जुना पॅन आणि त्याचा पिकअप (तेल ओढणारी नळी) लावावा लागेल. पाण्याचा पंप उलटा फिरणारा असेल तर जुन्या व्ही-बेल्टच्या पुल्यांवर तो चालणार नाही. वुडवर्डवर ऑगस्टच्या उन्हात पाऊलपाऊल सरकताना इंजिन तापलं तर आधी हेच तपासा. रोलर कॅम असेल तर डिस्ट्रिब्युटरचा गिअर स्टीलचाच हवा, जुना बिडाचा गिअर पार झिजून जातो.

आणि ताकदीचं : तुमच्या २८९चे २०० हॉर्सपॉवर जुन्या ग्रॉस पद्धतीने मोजलेले आहेत, पंखा-सायलेन्सर वगैरे न जोडता. १९८७ ते ९२च्या एचओचे २२५ नेट आहेत, म्हणजे हे सगळं जोडून मोजलेले. कागदावर २५चा फरक दिसतो, रस्त्यावर तो बराच मोठा आहे. मूळ कॅमच ठेवा, असं माझं स्पष्ट मत.

प्रेषक : नोव्हायकर

काका, ताई, मनःपूर्वक आभार. ब्रेक आधी, ठरलं. एकच शंका : कॅमचा ब्रेकशी काही संबंध येतो का? बूस्टर (पेडल हलकं करणारा) लावायचा विचार आहे, कारण बायकोही गाडी चालवणार आहे.

प्रेषक : ट्रॉयचा काका

येतो, आणि थेट येतो. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतो. साध्या कॅमला आयडलिंगवर पाऱ्याच्या १८ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम मिळतो. तिखट कॅमला तो १०-१२वर येतो, आणि नेमकं सिग्नलला हळू येताना पेडल लाकडासारखं कडक होतं. म्हणून ताई म्हणते ते ऐक, मूळ कॅम आणि बूस्टर. तिखट कॅमच हवा असेल तर बूस्टर विसर, लहान बोअरचा मास्टर सिलिंडर घे. पाय जास्त खोल जाईल, पण जोर कमी लागेल. बूस्टर घेण्याआधी शॉक टॉवरपर्यंतची (बॉनेटखाली शॉक अॅब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं त्या उंचवट्यापर्यंतची) जागा मोजून घे, तिथे फार अडचण आहे.

शनिवारी सकाळी येतो. जॅक स्टँड चार हवेत, दोन माझ्याकडे आहेत. बाकीचे दोन कोणी आणेल का? आणि ब्लीडिंगला (ब्रेकच्या तेलातली हवा काढायला) पेडल दाबायला एक माणूस लागेल. सूनबाईंनाच बसव, त्यांना पेडलचा अंदाजही येईल.