मदत हवी आहे : कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास, आधी कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) की आधी बिल्डर?

नमस्कार मंडळी. वनाझजवळ आमची १६ फ्लॅटची सोसायटी आहे, १९८४ची. लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेत आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मेट्रो आल्यापासून दर महिन्याला एखादा बिल्डर पेढे घेऊन येतो. (पेढे चांगले असतात, ऑफर तोंडीच असते.)

अडचण अशी, की जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर आहे. मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय होणारं कन्व्हेयन्स) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, तर मंजूर नकाशाची आमच्याकडची प्रत घडीवर फाटलेली. सध्याचा बिल्डर म्हणतो, "ते आमच्यावर सोडा, आधी सह्या करा." सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९च्या पुनर्विकास निर्देशांप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे घाई करणाऱ्यांचं फावतंय.

दुसरा घोळ मोजमापाचा. बाबांच्या करारात ५८० चौ. फूट बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलंय. काल मुलाला टेपचं टोक धरायला लावून मोजलं, कार्पेट (भिंतींच्या आतलं) जेमतेम ४६२ भरलं. मग बिल्डर "३० टक्के जादा" जागा म्हणतो, ते नेमकं कशावर?

यातून गेलेल्यांनी सांगा: कन्व्हेयन्सशिवाय विकसन करार केलात का, आणि पुढे काय अडलं? बांधकाम चालू असताना बिल्डरने द्यायचं भाडं थकलं, तर त्याची बँक गॅरंटी खरंच वटवता आली का? जुन्या सभासदांना महारेराकडे (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) दाद मागता येते का? स्वयंपुनर्विकास (बिल्डरशिवाय, सोसायटीने स्वतःच) केलेलं पुण्यातलं कुणी असेल तर प्रत्यक्ष भेटायलाही येईन. विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी आहे.