मदत हवी आहे: आईला पंचरत्न गायला बसायचंय, देवनागरी पाठ कुठे मिळेल?

खडीसाखर
शेजारच्या मामींनी आईला पंचरत्नला बोलावलंय आणि आई लगेच हो म्हणाली. शनिवार तोंडावर आलाय. मामींनी दिलेलं पुस्तक तमिळ लिपीत आहे. नेटवर मिळतं ते रोमन लिपीत, त्यात ‘दुडुकु’ की ‘दुदुकु’ हेच कळत नाही. देवनागरी पाठ हवाय, स्वरांसकट मिळाला तर उत्तमच. कृपया लवकर सांगा.

वांगीभात
पंचरत्नगीता देवनागरीतच असते की. गीता, विष्णुसहस्रनाम, भीष्मस्तवराज, अनुस्मृती, गजेंद्रमोक्ष. आईंना सगळं एकदम जमणार नसेल तर सहस्रनामापासून सुरुवात करा. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी म्हणायच्या, महिन्याभरात जीभ वळते.

मंद्रसप्तक
वांगीभात, त्या पंचरत्न कृतींबद्दल विचारताहेत, म्हणजे कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या एकत्र बसून गायच्या पाच रचना.
खडीसाखर, तुम्ही कुठे असता? आई गातात का? मंचावर बसायचंय की प्रेक्षागृहात? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

खडीसाखर
अमेरिकेत, ओहायोतलं क्लीव्हलंड हो, अजून कुठलं! ईस्टरच्या सुमारास असतो तो त्यागराज उत्सव. आई नाट्यसंगीत गाते, सांगलीला रीतसर शिकलीय. पाठाचं कुणी सांगेल का?

मंद्रसप्तक
आता कळलं. रोमन पाठ नको आणि तमिळही नको. तमिळमध्ये त-द, क-ग, ट-ड यांना एकेकच अक्षर, उच्चार तिथेच घसरतो. तेलुगू लिपीतला पाठ शोधा आणि लिप्यंतराच्या साधनात घालून देवनागरी करून घ्या, अक्षराला अक्षर जुळतं. फक्त ऱ्हस्व ए आणि ओ कडे लक्ष असू द्या. पाचव्या कृतीच्या ‘एंदरो’ या पहिल्या शब्दातला ए आखूड आहे, आपण सवयीने लांबवतो. आणि हो, ते ‘दुडुकु’च.

पहिली कृती ‘जगदानंदकारक’ संस्कृतात आहे, ती आईंना सोपी जाईल. बाकीच्या चार तेलुगू. राग ओळीने नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. पाचही आदि तालात आहेत. चरणाचे आधी स्वर म्हणतात, मग त्याच चालीत शब्द. नाट्यसंगीतातली सरगम त्यांच्या गळ्यात असेलच, पण इथे स्वर सरळ उभा ठेवायचा नसतो, त्याला गमक, म्हणजे आंदोलन असतं. ते ऐकूनच येईल, कागदावरून नाही.

काळी चार
स्पष्ट बोलतो. चार दिवसांत शिकून तिथे बसू नये. ती आराधना आहे. तिकडची मुलं वर्षानुवर्षं गुरूंकडे या पाच कृती घोटतात. आपल्याकडे कुणी आठवड्यात ख्याल बसवून मैफिलीत गायला आला तर चालेल का? शिवाय ‘श्री’ म्हटल्यावर आई आपला हिंदुस्थानी श्री राग लावतील, कोमल रिषभ, तीव्र मध्यम. तिकडचा श्री पार वेगळा, आरोहात मधमाद सारंगाच्या जवळचा. शेजारच्यांचे सूर हलतील.

ओहायोकर
काळी चार, तुम्ही क्लीव्हलंडला आला आहात का कधी? १९७८ पासून चालू आहे हे. मंचावर कलाकार आणि गुरू असतात, खाली प्रेक्षागृहात शेकडो लोक मांडीवर पुस्तक ठेवून गातात. कुणाचा सूर इकडे, कुणाचा तिकडे, कुणी कुणाला उठवत नाही. आईंना बिनधास्त न्या. हळू आवाजात म्हणू द्या.

काळी चार
कुणी उठवत नाही म्हणून काहीही म्हणायचं असं नाही ना. मी ऐकू नये म्हणत नाही. ऐकावं, ताल धरावा, पुढच्या वर्षी गावं.

जुनी पेठ
बायकांना तिरुवैयारूच्या, म्हणजे त्यागराजांच्या समाधीच्या गावच्या, आराधनेत गायला बसूच देत नव्हते एके काळी. गायिका बेंगळुरू नागरत्नम्मांनी स्वतःच्या पैशाने त्यागराजांच्या समाधीचं मंदिर बांधलं आणि तरीही त्यांना त्या हक्कासाठी भांडावं लागलं. त्यामुळे कुणी बसावं, कुणी बसू नये हे सांगताना जरा जपून.
आणि मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. त्यागराज (१७६७–१८४७) तंजावरच्या मराठा राज्यातच राहत होते. सरफोजी राजांकडून दरबाराचं बोलावणं आलं, ते त्यांनी नाकारलं, ‘निधि चाल सुखमा’ ही त्यांची कृती त्यावेळची असं सांगतात. तंजावरच्या मराठी कीर्तनाचा तिकडच्या हरिकथेवर केवढा प्रभाव आहे! यावर वेगळा धागा काढायला हवा.

खडीसाखर
जुनी पेठ, आवडलं, आईला वाचून दाखवलं. लिप्यंतर केलं, छान झालं, मंद्रसप्तक तुमचे आभार. तिने ‘जगदानंदकारक’ वाचायलाही घेतलं. आता पट्टीचं काय? ती पेटीच्या काळी चार पट्टीत गाते. आणि तिचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, हे सांगायचं राहिलं.

ओहायोकर
विद्यापीठाचं प्रेक्षागृह आहे, खुर्च्याच खुर्च्या. मंचावर मात्र मांडी घालावी लागते. मामी मंचावर बसणार असतील तर आईंना खाली पुढच्या रांगेत बसवा. शाल न्या, आत गारठा असतो.

मंद्रसप्तक
पट्टी तिथे ठरलेली असते, ती आपल्याला मागता येत नाही. वरचं झेपलं नाही तर त्या ओळीला थांबायचं, खालच्या सप्तकात घुमवायचं नाही. आदि ताल हातावर असा: एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा थाप, हात उलटा, थाप, हात उलटा. आठ मात्रा झाल्या. हे दोन दिवस नुसतं रेकॉर्डिंग लावून करू द्या. हात चुकला नाही की गळा मागोमाग येतो.

काळी चार
निदान आरभीचे स्वर तरी नीट बसवा. आरोह आपल्या दुर्गासारखाच आहे, अवरोहात गंधार आणि शुद्ध निषाद येतात. नाट्यसंगीत गाणाऱ्या गळ्याला जमेल. बाकी चार जमले नाहीत तरी हा जमावा.

वांगीभात
तिथे उपाहारगृहात सांबार चांगलं मिळतं म्हणे, खरं का? आम्ही डेट्रॉइटहून येऊ शकतो.