मदत हवी आहे: व्हीबी६ ची डीएलएल नव्या सर्व्हरवर क्रिएटऑब्जेक्टला दाद देत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या पतसंस्थेचा हिशोब क्लासिक एएसपीत (मायक्रोसॉफ्टचं वेबपानं बनवायचं जुनं तंत्र) आहे. पावतीवरची अक्षरी रक्कम व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधल्या एका डीएलएलमधून (तयार कोडची फाइल) येते. लिहिणाऱ्यांचा आता पत्ता नाही, सोर्स कोडही नाही. मराठीत नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा. ते काम त्यांनी फार निगुतीने केलंय, टाकून द्यायला जीव होत नाही.

गेल्या आठवड्यात विंडोज सर्व्हर २००३ वरून २०१९ वर आलो. आयआयएसमध्ये (विंडोजचा वेब सर्व्हर) एएसपी वेगळं घालावं लागतं, ते घातलं. डीएलएल रेगएसव्हीआर३२ या कमांडने विंडोजमध्ये नोंदवली, 'सक्सीडेड' आलं. तरी डीएलएलचा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या सर्व्हर.क्रिएटऑब्जेक्टच्या ओळीवर एरर येते, एएसपी ०१७७ : ८००४०१५४ (म्हणजे नोंदच सापडत नाही). त्याच पानावर ॲडोडीबी.कनेक्शन (ॲडोची डेटाबेस जोडणी) मात्र बनतं, खाती दिसतात. फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या, आयआयएस रिस्टार्ट केलं, फरक नाही. सोमवारपासून काउंटरवर रक्कम हाताने लिहितोय, आणि ठेवीच्या पावतीवर खाडाखोड चालत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद
नोंदणी बरोबर आहे. व्हीबी६ फक्त ३२-बिट डीएलएल बनवतं, तुमचा ॲप्लिकेशन पूल (आयआयएस ज्या प्रोसेसमध्ये साइट चालवतं तो) ६४-बिट. नोंद रजिस्ट्रीच्या वाऊ६४३२नोड कप्प्यात गेली, ६४-बिट प्रोसेस तिथे पाहतच नाही. ॲडो विंडोजबरोबर दोन्ही रूपांत येतं, म्हणून ते चाललं. पूलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स' ट्रू करा. पूलमध्ये एखादा ६४-बिट घटक असेल तर तो बंद पडेल; तसं असल्यास पूलला हात लावू नका, डीएलएल कॉम+ मध्ये (असे घटक चालवणारी विंडोजची सेवा) सर्व्हर ॲप्लिकेशन म्हणून बसवा. ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते.

धागाकर्ता
पीडीएफचा घटक ६४-बिट आहे, म्हणून कॉम+ केलं. एएसपीची एक ओळही बदलावी लागली नाही! आत्ताच पावती निघाली: 'अक्षरी रुपये सत्तावीस हजार चारशे एकोणपन्नास फक्त'. मनापासून आभार. सर्व्हर रिस्टार्ट झाला तर हे आपोआप सुरू होईल ना?

प्रतिसाद
पहिल्या क्रिएटऑब्जेक्टला होईल. पण कॉम+ ॲप्लिकेशनचा आयडेंटिटी टॅब (ते कोणत्या खात्याने चालतं ते) आजच पाहा. तिथे 'इंटरॲक्टिव्ह युजर' असेल तर सर्व्हरवर कुणी लॉगिन नसताना ऑब्जेक्ट बनणार नाही. आत्ता चाललं ते बहुधा तुम्ही स्वतः लॉगिन होता म्हणून. कमी अधिकारांचं वेगळं खातं काढून ते तिथे द्या, मग लॉगआउट करून एक पावती काढून बघा.