जुने नळ आणि पाइप एकत्र भंगारात द्यावेत की वेगळे करून?

प्रश्न:
घरातलं सगळं प्लंबिंग बदललं आणि जुनं गोणीभर सामान निघालंय, त्यात चमकणारे नळ, शॉवर, जीआयचे (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे) पाइप, गीझरच्या तांब्याच्या नळ्या, बिडाचा एक तुकडा आणि एक राखाडी पाइप जो हाताने वाकतो. भंगारवाला म्हणतो सगळं लोखंडाच्या भावात घेतो. पण नळ उचलला की चांगलाच जड लागतोय, म्हणून द्यायला मन होत नाहीये. वेगळं करायची मेहनत वसूल होते का, आणि कुठला धातू आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर १:
अजिबात देऊ नका तसं. मिसळलेल्या ढिगाला त्यातल्या सगळ्यात स्वस्त धातूचा भाव लागतो आणि तुमच्या गोणीत तांबं आणि पितळ दोन्ही आहे. चमकणारा नळ आपल्याला स्टीलचा वाटतो पण बहुतेकदा आत पितळ असतं, वर निकेल आणि क्रोमचा पातळ थर. आधी लोहचुंबक फिरवा, जीआय आणि बीड लगेच चिकटेल, ते बाजूला काढा. नळाच्या बॉडीलाच लावून बघा हं, स्क्रूला चिकटला म्हणून नळ लोखंडात टाकू नका. जे चिकटत नाही त्याला मागच्या बाजूने जरा कानस मारा: पिवळं दिसलं तर पितळ, लालसर दिसलं तर तांबं किंवा गनमेटल (तांबं-कथिलाचा मिश्रधातू), पांढरट राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतकाम. शॉवर तर कधीकधी क्रोम मारलेलं नुसतं प्लास्टिक निघतं. वायसर, प्लास्टिकची हँडलं, आतलं कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा भाग) काढून टाका, नाहीतर त्याचं वजन कापताना अंदाजाने जास्तच कापतात.

उत्तर २:
कानशीने कळलं नाही तर पाण्यात वजन करून बघा, मी असंच करतो. नळ पूर्ण उघडा करून दोऱ्याने काट्याला टांगा, वजन लिहून घ्या, मग बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून परत बघा, तळाला टेकू द्यायचा नाही आणि आतली हवा हलवून काढायची. जेवढं वजन कमी झालं त्याने पहिल्या वजनाला भागायचं. समजा ८५० ग्रॅमचा नळ पाण्यात ७५० भरला, तर ८५० भागिले १०० म्हणजे ८.५, हे पितळ. जस्ताचं ओतकाम ६.६ च्या आसपास येतं, तांबं ८.९. तांब्याच्या नळीचं अजून एक, टोकाला डाख असेल किंवा पितळी नट अडकला असेल तर तेवढा भाग हॅकसॉने कापून वेगळा ठेवा, स्वच्छ तांब्याला भाव वेगळा असतो.

उत्तर ३:
तो वाकणारा राखाडी पाइप शिशाचा असणार. चाकूने ओरखडा काढा, आत चकचकीत दिसेल, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने खूपच जड लागेल. विकला जातो तो, पण प्लीज त्याला ग्राइंडर लावू नका, वितळवू तर मुळीच नका, शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. हातमोजे घालून पिशवीत बांधा आणि नंतर साबणाने हात धुवा. आणि मुख्य म्हणजे भिंतीत असाच पाइप अजून राहिलाय का ते बघा, पिण्याचं पाणी त्यातून येत असेल तर भंगाराचं नंतर, आधी तो बदला. जीआय पाइपही गॅसने कापू नका, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

मूळ प्रश्नकर्ता:
आत्ताच बसून सगळं तपासलं. ५ नळांपैकी ४ पितळेचे निघाले, पाचवा पांढरट आणि त्याचं उत्तर ६.७ आलं म्हणजे जस्तच. राखाडी पाइप खरंच शिशाचा आहे, ओरखडा काढला तर एकदम चकाकला. तो बांधून ठेवलाय आणि किचनच्या सिंकखालची भिंत उद्या प्लंबरला उघडून बघायला सांगतोय, भंगार तोपर्यंत राहू दे.