बायोसवर पीएक्सई चालतं, यूईएफआयवर फाइल उतरूनही बूट होत नाही

तारजोड
मशीन्स पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, बूट करतोय. डीएचसीपी (आयपी पत्ता आणि बूट फाइलचं नाव देणारी सेवा) आणि टीएफटीपी (ती फाइल पाठवणारी साधी सेवा) दोन्ही डीएनएसमास्क या सर्व्हर प्रोग्रामवर. बूट फाइल 'यूएनडीआयओन्ली.केपीएक्सई', आयपीएक्सई या नेटवर्क बूटलोडरची. लेगसी बायोसची (जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरची) मशीन्स नीट बूट होतात. यूईएफआय (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या) मशीनला आयपी मिळतो, फाइल उतरल्याचा संदेशही येतो आणि लगेच बूट मेन्यू परत. फायरवॉल तपासला. अजून कुठे बघावं?

कळफलक
फायरवॉल सोडा. फाइल उतरली म्हणजे नेटवर्कचं काम झालं. चूक फाइलच्या प्रकारात आहे. केपीएक्सई फाइल बायोससाठीची, १६-बिट रिअल मोडमध्ये सुरू होणारी. यूईएफआय फक्त '.ईएफआय' फाइल चालवतं.

आपण कोण हे क्लायंट (बूट होणारं मशीन) डीएचसीपी विनंतीतल्या ऑप्शन ९३ या रकान्यात स्वतःच सांगतो: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४-बिट यूईएफआय. काही फर्मवेअर ९ पाठवतं, म्हणून डीएनएसमास्कच्या 'डीएचसीपी-मॅच' सेटिंगने ७ आणि ९ दोन्हींना एकच टॅग (खूण) लावा आणि त्या टॅगला आयपीएक्सईचीच 'एसएनपीओन्ली.ईएफआय' द्या. ही फाइल फर्मवेअरचाच नेटवर्क ड्रायव्हर वापरते, त्यामुळे नव्या कार्डांवर कमी अडते. बायोसची ओळ विनाटॅग राहू द्या.

शून्यएक
यात एक भर. सिक्युअर बूट (विश्वासार्ह सही नसलेली फाइल नाकारणारी यूईएफआयची सोय) चालू असेल तर स्वतः बिल्ड केलेलं आयपीएक्सई सहीअभावी नाकारलं जाईल, फाइल बरोबर असली तरी. आधी सिक्युअर बूट बंद करून खात्री करा. चालूच ठेवायचं असेल तर डिस्ट्रोचं (लिनक्स वितरणाचं) सही केलेलं 'शिमएक्स६४.ईएफआय' द्या, ते त्याच फोल्डरमधून 'ग्रबएक्स६४.ईएफआय' हा बूटलोडर उचलतं. कर्नलही (लिनक्सचा गाभाही) सही केलेलाच हवा.

आणि आयपीएक्सई सुरू झालं की ते पुन्हा डीएचसीपी मागतं. तेव्हाही तीच फाइल मिळाली तर चक्र थांबतच नाही. ऑप्शन ७७ मधला यूजर-क्लास (आयपीएक्सई तिथे स्वतःचं नाव देतं) ओळखून त्याला वेगळा टॅग लावा, त्या वेळी बूट स्क्रिप्टचा एचटीटीपी पत्ता द्या, आणि आधीच्या ओळींतून हा टॅग वगळा.

तारजोड
इनिटआरडी (कर्नलसोबत मेमरीत चढणारी सुरुवातीची फाइल सिस्टीम) १०० एमबीचा आहे. तो टीएफटीपीवरच ठेवला तर?

कळफलक
नको. मूळ टीएफटीपी ५१२ बाइट पाठवून पोच येईपर्यंत थांबतं. जाऊन-येऊन १ मिलिसेकंद धरलं तरी १०० एमबीला सव्वातीन मिनिटं. शिवाय ब्लॉक क्रमांक १६-बिट, म्हणजे ३२ एमबीच्या आसपास तो संपतो. पुढे क्रमांक शून्यावर आणणं दोन्ही टोकांना जमलं तरच फाइल पूर्ण होते. कर्नल आणि इनिटआरडी एचटीटीपीवरून द्या.

बदल करण्याआधी सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट्स दाखवणारं साधन) लावून डीएचसीपीची पोर्ट ६७ आणि ६८ बघा. ऑप्शन ९३ मध्ये नेमका कोणता आकडा येतो ते तिथेच दिसेल.