प्रतिसाद: गाडी नाही सापडली तरी भरपाई मिळते
ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर घरच्यांच्या हाती काहीच लागत नाही असं वर कुणीतरी लिहिलंय. गाडी सापडणं कठीण हे खरंच, पण पुढचं बरोबर नाही. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राची नवी योजना लागू आहे, अज्ञात वाहनाच्या धडकेत माणूस गेला तर वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात (आधी मृत्यूला फक्त २५ हजार होते), अर्ज प्रांत नाहीतर तहसीलदारांकडे करायचा.

आमच्या वाडीतला पोरगा संगमेश्वरजवळ हायवेला असाच गेला, ऐन पावसात, रात्री. सकाळी आम्ही पोचलो तर बाईकचा आरसा गटारात पडलेला आणि आईच्या गोळ्यांची पिशवी हँडलला तशीच अडकलेली, ती अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्या काकीला वर्षभर कुणी या योजनेबद्दल सांगितलंच नाही हो! शेवटी एफआयआर, पोस्टमॉर्टम रिपोर्ट, पासबुकाची झेरॉक्स घेऊन मीच तिला तहसीलला नेलं. तुमच्याकडे असं कुणी असेल तर आधी एफआयआरमध्ये 'अज्ञात वाहन' लिहिलंय का ते बघा आणि त्यांच्यासोबत स्वतः जा, एकट्या बाईला तिथे नुसते हेलपाटे घालायला लावतात.