माजघराला दार नाही, आजी मोकळ्या कशा बोलतील?

सागरगोटा, देवगड तालुका:

मानसशास्त्रात एम.ए. करून दोन वर्षं ठाण्यात समुपदेशनाचं काम केलं. तिथे बंद खोली होती, समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. जूनपासून गावी आले आहे आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना भेटते. अडचण अशी, की ज्यांच्याशी बोलायला जावं ते गप्प आणि घरातले बाकी सगळे बोलतात.

एक आजी आहेत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पाच महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं, डावा हात राहिला. वाचा शाबूत आहे. खाट माजघरात, एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला पडवी, मध्ये दार नाही. मी विचारते, "आजी, झोप लागते का?" चुलीपुढून वहिनी सांगतात, "लागते हो, दुपारच्या पण झोपतात." आजी म्हणतात, "माका काय झाला नाय. तू चाय घे." वृद्धांच्या नैराश्याची पंधरा प्रश्नांची चाचणी वाचून दाखवली, तर प्रत्येक प्रश्नाला त्या आधी वहिनींकडे बघायच्या, मग "होय" म्हणायच्या.

त्यात ऐकू कमी येतं. मी आवाज चढवला की पाणंदीतून जाणारा माणूससुद्धा थांबतो.

मागच्या खेपेला त्यांच्या उशाशी अडकित्ता दिसला. उजव्या हाताने त्यांनी तो उघडला, मिटला, परत उघडला. सुपारी धरायला दुसरा हात नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात वहिनी आल्या, सुपारी कातरून हातावर ठेवली आणि विषय तिथेच संपला. त्या वेळी मी काय करायला हवं होतं?

काजूबाग, राजापूर:

ताई, नऊ वर्षं हेच काम करतेय. आधी वहिनींचं बघा. पाच महिन्यांत त्यांना कुणी "तू कशी आहेस" असं विचारलं नसेल, म्हणून त्या तुमच्या प्रत्येक प्रश्नाला धावून येतात. पहिली वीस मिनिटं त्यांना द्या. मागीलदारी भांडी घासत असतील तर तिथेच बसा. मग सांगा, "आता आजींशी अर्धा तास एकटी बोलते, डॉक्टर तपासतात तसं." बहुतेक घरांत ऐकतात. एका घरी मुलगा अडून बसला होता, त्याला २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे हे शांतपणे सांगावं लागलं.

ओरडून बोलू नका, त्याने शब्द फाटतात. चांगल्या कानाच्या बाजूला, तोंडावर उजेड येईल असं बसून खालच्या पट्टीत सावकाश बोला. कानात मळ साचलाय का ते आरोग्य केंद्रात बघून घ्या. माझ्याकडचे दोघे तेवढ्यानेच बोलके झाले. वाचता येणाऱ्यांना नाजूक प्रश्न मी पाटीवर लिहून दाखवते. लगेच पुसता येतं, त्यामुळे भीती वाटत नाही.

चाचणीत एक प्रश्न आहे, बाहेर जाण्यापेक्षा घरात राहणं बरं वाटतं का. जांभ्याच्या तीन पायऱ्या ज्यांना उतरता येत नाहीत त्यांच्या "होय" वरून काय कळणार? पण अर्धांगवायूनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे, तेव्हा डॉक्टरांना कळवायला उशीर नको. एखादी म्हातारी दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागली, तर तेही वयावर ढकलू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम घटणं, नवी सुरू केलेली गोळी, असं काहीतरी बऱ्याचदा निघतं.

आणि हे कळकळीने सांगते. मरणाचे विचार येतात का, ते सरळ शब्दांत विचारा. विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आपल्याकडे आंब्याच्या फवारणीचं औषध पडवीतच पडलेलं असतं. ते त्याच दिवशी कुलपात घालायला लावा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर वहिनींच्या फोनमध्ये भरून द्या, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

अडकित्त्याचं म्हणाल तर सुपारी तुम्ही धरायची होती.

भरतीओहोटी, वेंगुर्ला:

मी खाटेवरच्या बाजूचा माणूस. आंबे उतरवताना कलमावरून पडलो, सहा वर्षं झाली. कमरेखाली काही कळत नाही. पहिल्या समुपदेशक बाई सगळं आईला विचारायच्या, "ह्याचं मन लागतं का?" मी समोर बसलेलो! नंतर एक दादा आले, ते म्हणाले, "चल, समुद्रावर जाऊ." चाकं वाळूत रुतली म्हणून रस्त्याच्या कडेला सुरूच्या सावलीत बसलो. तिथे पहिल्यांदा मी लघवीच्या नळीबद्दल बोललो. नळी गळेल, वास येईल, या धास्तीने दोन वर्षं एकाही लग्नाला गेलो नव्हतो. आईसमोर हे तोंडातून निघालंच नसतं.

माजघराला दार नसेल तर आजींना खळ्यात न्या. खुर्ची उचलायला दोन माणसं लागतात, ती वाडीत मिळतात.

सागरगोटा:

काल जाऊन आले. वहिनींची वीस मिनिटं पन्नासवर गेली, आणि शेवटी त्याच म्हणाल्या, "मी जरा दुकानात जावन येतंय." आजींच्या चांगल्या कानाशी बसले, अडकित्ता त्यांच्या हातात दिला. सुपारी मी पात्यात ठेवून बोट काढून घ्यायचं आणि त्यांनी दाबायचं. पहिली उडून खाटेखाली गेली. दुसरी कातरली. तिसरीला त्या बोलायला लागल्या.

काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांना उद्या फोन करणार आहे, आजींना विचारलंय, त्या हो म्हणाल्या. फवारणीचं औषध पडवीतच होतं. वहिनींनी माझ्यासमोर ते कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. खुर्ची उचलायला शेजारचे दोघे बुधवारी येतो म्हणालेत.